किटली, एकतीस टाके

दुपारी दोनला पोह्याची कढई घासून
मी गोपीबाई अंबवानींच्या गच्चीवर जाते.
जरीपटक्यात जानेवारीचं ऊन असं पडतं
की खायला ताट लागत नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी एकतीस टाके घालून दिले.
पांढरा सुती दोरा, आठ नंबरच्या सुया.
लोकर नको म्हणाल्या, भांडं पुसायला
मेंढरू कशाला?
सुरुवातीच्या चार ओळी सगळ्या सुलट,
मग दोन्ही काठांना तीन-तीन सुलट, कायम,
वावराला धुरा असतो ना, तसं,
नाहीतर फडकं स्वतःलाच गुंडाळून घेतं.
उरले पंचवीस. त्यात काय काढायचं ते तुझं तू पाय.

बदक सोपं, त्या म्हणाल्या,
सगळे बदकापासून सुरू करतात.
मी म्हटलं, बदक मी कधी उचललं नाही.
किटली अठरा वर्षं उचलतेय,
दहा नंबर पुलियाच्या अलीकडे, पहाटे साडेचारपासून.

प्रज्वलच्या गणिताच्या वहीचं एक पान फाडलं.
किटली असेल तिथे फुली.
फुलीला उलट टाका, रिकाम्या चौकटीला सुलट.
हे समोरून.
मागून परतताना फुलीला सुलट, रिकामीला उलट,
आणि कागदही उलट्या बाजूनं वाचत यायचा.
मला वाटलं होतं, हे तुरपाईसारखं असेल.
हे तर नणंदेशी बोलण्यासारखं निघालं.

नवव्या ओळीत उसवलं.
तेराव्या ओळीत उसवलं.
टाके इतके आवळलेले की सुई शिरेना.
कोणाचा गळा धरून राहिली गं? गोपीबाई म्हणाल्या.
मी दोन-तीन नावं मनात घेतली
आणि हात थोडा ढिला सोडला.

माझ्या बोटांच्या टोकांना वाफेनं कातडं आलंय.
गरम पातेलं कळत नाही, तिथे दोरा काय कळणार.
मी डोळ्यांनी विणते.
आणि डोळ्यांना तर
वीस ओळी झाल्या तरी किटली दिसेना,
पांढऱ्यात पांढरं, वरून डोक्यावरचं ऊन,
नुसतं फडकं, पुरळ उठलेलं.

गोपीबाईंना काचबिंदू आहे.
नळीतून पाहावं एवढंच मधलं दिसतं त्यांना,
तेही त्या बटाटे निवडण्यासाठी राखून ठेवतात.
त्यांनी चौकोन मांडीवर घेतला,
अंगठा फिरवला, खालून वर,
जसा लहान पोराच्या पाठीवरून.
बूड चांगलं बसलंय, म्हणाल्या.
पोट भरलंय.
तोटी मात्र वाकडी. सतराव्या ओळीत
एक गाठ आधी आली.

मी कागद पाहिला. सतरावी ओळ. खरंच.
उसवू?
तुझी किटली सरळ आहे का, त्यांनी विचारलं.

नाही. अतिक्रमणवाल्यांनी गाडीत फेकली
त्या दिवसापासून तिची तोटी डावीकडे बघते.
गिऱ्हाइकाच्या कपात ओतताना
मी मनगट थोडं फिरवते. आता तेही लक्षात येत नाही.

नाही उसवलं.
साडेचारला ऊन कलंडलं,
पाण्याच्या टाकीच्या कडेनं तिरपं आलं
आणि प्रत्येक उलट टाक्याला
मोहरीएवढी सावली पडली.
तेव्हा मला दिसली.
गोपीबाई तोवर लसूण सोलायला बसल्या होत्या.

परवा टाके बंद केले, दोऱ्याचं टोक आत दडवलं.
काल पहाटे फडकं किटलीच्या दांड्याला गुंडाळलं.
थंडी अशी की ऑटोवाले
कप पिण्याआधी गालाला लावून घेत होते.
अंधारच होता. दिव्याच्या पिवळ्यात
फडक्यावरचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं.
एकानं विचारलं, नवीन आणलं का जी?
म्हटलं, विणलं. चित्र आहे त्याच्यावर.
तो वाकला. कुठे?
हात लावून पाय, मी म्हटलं.

त्यानं हात जर्किनच्या खिशातून काढला नाही.
दोन चहा सांगितले,
एक कमी साखरेचा.